मदत हवी आहे: रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा कधी येईल?

बाबांना (वय 68) प्रोस्टेटचा कर्करोग आहे, ग्रंथीबाहेर गेलेला नाही. पुढच्या महिन्यात रोबोटिक शस्त्रक्रिया. त्यांना कर्करोगापेक्षा धास्ती आहे ती लघवी गळण्याची. डायपरचं नाव काढलं की गप्प होतात. बहुतेकांचा ताबा वर्षभरात परत येतो, पण कोणाचा उशिरा येईल हे आधी ओळखता येतं का? वय, वजन, आधीची प्रोस्टेटची दुर्बिणीची शस्त्रक्रिया (बाबांची झाली आहे), शस्त्रक्रियेत ग्रंथीलगतच्या नसा (मज्जातंतू) वाचवता येणं आणि एमआरआयवर मोजलेली ग्रंथीखालच्या मूत्रनलिकेची लांबी, यावर बरंच अवलंबून असतं. आमच्या रिपोर्टमध्ये ती लांबी लिहिलेलीच नाही. रेडिओलॉजिस्टकडून मोजून मागावी का? केगेल व्यायाम (लघवी रोखणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे) कोणी शस्त्रक्रियेआधीच फिजिओथेरपिस्टकडून शिकलं होतं का? पॅड किती महिने लागले तेही कृपया मोकळेपणाने सांगा, बाबांना वाचून दाखवणार आहे.