कोकणातल्या दमट हवेत पहिला वस्तरा कोणता घ्यावा?

नमस्कार. गेली पंधरा वर्षे मी दुधारी ब्लेडने, साबण आणि ब्रश वापरून दाढी करत आलो आहे. आता वस्तरा वापरायला शिकावे असे मनापासून वाटते. सलूनमध्ये अर्धे ब्लेड अडकवतात तो नव्हे, तर ज्याच्या पात्याला दगडावर धार लावावी लागते आणि जे चामड्याच्या पट्ट्यावर घासावे लागते तो. मी रत्नागिरीत राहतो. केस जाड आहेत आणि हनुवटीखाली आडवे उगवतात.

घरात आजोबांचा, जर्मनीतल्या झोलिंगेन शहरात बनलेला वस्तरा आहे. उजेडात तिरपा धरला की पात्यावर गंजाचे बारीक खड्डे दिसतात आणि टोकाजवळचा एक खड्डा थेट धारेपर्यंत पोचला आहे. तेवढे पोलाद दगडावर झिजेपर्यंत तिथे धार टिकणार नाही, आणि पाते दगडावर पाठीसकट टेकवावे लागत असल्याने पाठही झिजेल, म्हणून नवशिक्या हाताने त्याला दगड लावायला मन धजत नाही.

गेल्या वर्षी एक स्वस्त वस्तरा ऑनलाइन मागवला होता. तो केस कापण्याऐवजी ओढू लागला. धारेवर मार्करची शाई लावून दगडावरून एकदा फिरवला, तर एका बाजूला फक्त दोन टोकांची शाई पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूला फक्त मधली, म्हणजे पातेच वाकडे होते. तो परत केला.

आता ५/८ इंच रुंदीचे, गोल टोकाचे पाते घ्यायचे ठरवले आहे, कारण ४/८ वर फेस लवकर साचतो आणि ७/८ नाकाखाली वळवणे अवघड जाते. अडते ते पोलादापाशी. कार्बन पोलादाला दगडावर लवकर धार चढते, पण इथे पावसाळ्यात डब्यातल्या सुईलाही गंज धरतो. स्टेनलेसला दगडावर वेळ जास्त लागतो, मात्र दमट हवा ते बऱ्यापैकी सोसते. आमच्या जुन्या नाभिककाकांनी धोकटी उघडून स्वतःचा वस्तरा दाखवला. ते पाते कोरडे पुसून त्याला शिलाई मशीनचे तेल लावतात. खोबरेल लावू नकोस, ते चिकट होते, असे त्यांनी बजावून सांगितले. माझा कल त्यामुळे कार्बनकडेच झुकतो आहे.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत ज्यांनी कार्बनचा वस्तरा निदान दोन पावसाळे वापरला आहे, त्यांनी तो कसा सांभाळला ते कृपया सविस्तर लिहावे. जाड केसांना दोन्ही बाजूंनी पूर्ण खोलगट घासलेले पातळ पाते लवते का, की अर्धे खोलगट, थोडे ताठ पाते बरे? आणि आजोबांच्या वस्तऱ्याचा तो खड्डा १००० ग्रिटच्या, म्हणजे भरड कणांच्या, दगडावर काढणे शहाणपणाचे ठरेल, की ते काम जाणकाराकडेच सोपवावे?