रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढण्यातला आनंद नेमका कशात आहे?

प्रश्न: ओसरी

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आहे. चामड्याची पेटी उसवली आहे, पण शटर दाबले की खट्कन आवाज येतो आणि मागच्या झाकणावरची लाल काच शाबूत आहे. आजवर तो कपाटात शोभेची वस्तू म्हणून राहिला. आता त्यात रोल घालून फोटो काढावेत असे मनात आहे. त्यापूर्वी जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली म्हणजे हा कॅमेरा आज खरोखर वापरता येईल का, की त्याच्यावर खर्च करण्याऐवजी पस्तीस मिलिमीटरचा एखादा जुना एसएलआर (ज्यात भिंगातूनच दृश्य दिसते असा कॅमेरा) घेणे शहाणपणाचे ठरेल? दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. रोलवर फोटो काढणारी मंडळी त्यातल्या आनंदाविषयी भरभरून बोलतात. पण महागडा रोल विकत घ्यायचा, लॅबमध्ये धुवायला द्यायचा, तिथून स्कॅन मागवायचे आणि शेवटी फोटो मोबाइलच्याच पडद्यावर बघायचा, असे असेल तर मोबाइलनेच फोटो काढण्यापेक्षा यात वेगळे काय मिळते, हे मला कळलेले नाही. निव्वळ स्मरणरंजन हेच उत्तर असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

उत्तर: बारा चौकोन

क्लिक थ्री वापरता येईल, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. बॅटरी नाही, उजेड मोजणारे मीटर नाही, फोकस करण्याची सोय नाही. त्याला लागणारा १२० चा (हा रोलच्या आकाराचा क्रमांक) रोल आजही तयार होतो. कोडॅकने तर गोल्ड २०० हा रंगीत रोल २०२२ मध्ये या आकारात बाजारात आणला, आणि इल्फर्डचे कृष्णधवल रोल मिळतातच. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो बसतात, म्हणजे प्रत्येक निगेटिव्हचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमच्या साडेतीनपट भरते. भिंग साधे असल्यामुळे चित्राचा मधला भाग स्वच्छ आणि कडा मऊ येतात. परंतु एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर कागद थेट टेकवून काढलेला छोटा प्रिंटसुद्धा बघण्याजोगा असतो. जुन्या अल्बमांत काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले लहान चौकोनी फोटो पुष्कळदा असेच काढलेले असत.

रोल निवडताना मात्र मोह आवरावा. या कॅमेऱ्याचे शटर संथ आहे, त्यामुळे भर उन्हात ४०० चा (हा आकडा रोलच्या वेगाचा, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेचा) रोल घातला तर तो गरजेपेक्षा कितीतरी अधिक उजेड खाईल. १०० किंवा १२५ चा कृष्णधवल रोल घ्यावा. निगेटिव्ह रोलला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी पडलेला सोसत नाही. संथ शटरचा दुसरा परिणाम असा की बटण दाबताना हात हलला की फोटो हललाच, म्हणून कोपरे अंगाशी घट्ट धरावेत आणि माणसांपासून निदान दहा फूट दूर उभे राहावे.

लाल काचेविषयी एक सूचना. जुन्या काळातल्या पुष्कळ फिल्मना लाल उजेड दिसतच नसे, म्हणून आकडे वाचायला ती खिडकी चालून जाई. आजच्या पँक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतो. तेव्हा सावलीत उभे राहून आकडा बघावा, रोल पुढे सरकवावा आणि खिडकीवर लगेच काळी चिकटपट्टी लावावी.

आनंदाबद्दल मी एवढेच म्हणेन की ज्या भिंगातून आजोबांनी घरच्यांना पाहिले असेल, त्याच भिंगातून आज घरच्यांना पाहता येते. याला कोणी स्मरणरंजन म्हटले तरी माझी हरकत नाही.

उत्तर: सावलीची कड

मला स्मरणरंजनाचे उत्तर पुरेसे वाटत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात, म्हणून माणूस विचार करून फोटो काढतो, हे कारणही नेहमी दिले जाते. पण संयमच हवा असेल तर तो मोबाइल हातात असतानाही पाळता येईल. माझ्या मते खरा फरक असा आहे की जुन्या कॅमेऱ्यात उजेडाचा निर्णय आपल्याला करावा लागतो. मोबाइल समोरच्या दृश्याच्या अनेक प्रती घेऊन, सावल्या उजळून, आकाश सावरून एक तोडगा काढून देतो. तो बहुतेक वेळा चांगलाच असतो, पण तो आपला नसतो.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा चौक घ्या. दुपारी चौकात ऊन रणरणत असते आणि ओसरीवर बसलेली आजी अंधारात असते. दोन्ही एकाच निगेटिव्हवर बसवायचे म्हटले तर कोणाचा तरी तपशील हातचा जाणार. मी ओसरीच्या अंधाराचे माप घेतो, त्यापेक्षा एखादा स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड देतो आणि चौकातल्या फरशीला पांढरे पडू देतो, कारण मला आजीच्या नऊवारीच्या निऱ्या हव्या असतात. हा निर्णय फोटो काढण्यापूर्वी होतो, नंतर बोटाने पट्टी सरकवून नव्हे. काही महिन्यांत अशी सवय लागते की कॅमेरा जवळ नसतानाही आपण सावल्यांच्या कडा बघत चालतो. कड सुरीसारखी असेल तर ॲपर्चर (भिंगातले उजेड येण्याचे छिद्र) १६ आणि शटर रोलच्या वेगाइतके, म्हणजे १०० च्या रोलला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. कड मऊ झाली की ११, सावली जेमतेम दिसली की ८, आणि पावसाळी आभाळात ती नाहीशीच झाली की ५.६. मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावर माझे बहुतेक काम एवढ्यावर भागते.

म्हणून शिकण्यासाठी मी पस्तीस मिलिमीटरचा, हाताने सगळे ठरवावे लागणारा एसएलआर सुचवेन. पेंटॅक्स के १००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे तो अजून दिसतो. त्याचे शटर पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी फक्त मीटरच्या काट्यासाठी लागते. त्या मीटरला बंद करण्याचे बटणच नाही, तेव्हा काम झाले की भिंगावर झाकण घालायचे, नाहीतर बॅटरी आपोआप उतरते. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बझारमध्ये एक फेरी मारावी, तिथे कॅमेऱ्यांच्या विक्रीची आणि दुरुस्तीची दुकाने आहेत. घेण्यापूर्वी मागचे झाकण उघडून प्रत्येक वेगावर शटर मारून बघा आणि भिंगातून टॉर्चचा झोत पाडा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हमखास धरते. झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल. काम किरकोळ आहे, पण तेवढी किंमत कमी करून घ्यावी.

उत्तर: हायपो

वरच्या दोन्ही उत्तरांशी माझा थोडा मतभेद आहे. प्रश्नकर्त्याने जी शंका काढली आहे ती रास्त आहे आणि तिला कोणी थेट उत्तर दिलेले नाही. रोल लॅबला देऊन स्कॅन मोबाइलवर बघणे म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याने करायचा आणि आपण फक्त भाजी निवडून द्यायची. मला तरी या छंदाचा अर्धाअधिक आनंद रोल स्वतः धुण्यात आणि कागदावर प्रिंट काढण्यात मिळाला आहे.

रंगीत रोलची सी-४१ प्रक्रिया ३७.८ अंशांवर चालते आणि तापमान जरा हलले की रंग बिघडतात, म्हणून ती सुरुवातीला लॅबवरच सोपवावी. कृष्णधवल रोल मात्र घरच्या न्हाणीघरात धुता येतो. चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते काम थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्के करणारा हायपो आणि भरपूर पाणी, एवढेच लागते. इल्फर्डचा एचपी ५ हा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटे ठेवतात. अडचण त्या २० अंशांची आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या नळालाच त्याहून कितीतरी गरम पाणी येते. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नये, तो पातळ होतो. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बाटली उभी करावी आणि थर्मामीटरवर नजर ठेवावी. पावसाळ्यात वेगळाच त्रास. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म प्लॅस्टिकच्या चकरीवर चढवताना हातांना घाम येतो, चकरी दमट होते आणि फिल्म अर्ध्यावर अडून बसते. ओढाल तर तिच्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. चकरी हेअर ड्रायरने खडखडीत वाळवून घेतली की हा प्रश्न बहुधा मिटतो.

हे सगळे ऐकून कटकटीचे वाटेल, आणि ते आहेच. पण हायपोनंतर टाकीचे झाकण उघडून ओली फिल्म दिव्यासमोर धरली की पहिल्यांदा जे दिसते, ते आपण उजेडापासून हायपोपर्यंत स्वतः घडवलेले असते, आणि ते हातात धरता येते. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी माल फोटो स्टुडिओंतून सर्रास वापरात होता. आता तो कारखाना नाही, सगळा माल परदेशातून येतो आणि भाव चढले आहेत. म्हणूनच महागडा रोल घेऊन त्यातले सर्वांत रंजक काम दुसऱ्याला देणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता: ओसरी

सर्वांचे आभार. क्लिक थ्रीमध्ये १०० चा कृष्णधवल रोल घालण्याचे ठरवले आहे. एसएलआर तूर्त राहू द्यावा म्हणतो. डार्करूमसाठी घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत पहिला रोल लॅबलाच द्यावा लागेल, तर तो देताना काय सांगून ठेवावे?

उत्तर: हायपो

रोल संपला की १२० च्या फिल्मचा कागद घट्ट गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा आणि तो उन्हात उघडा ठेवू नका. लॅबला तीन गोष्टी लेखी द्या. रोल कृष्णधवल आहे, तो सी-४१ मध्ये टाकू नये. धुतल्यावर निगेटिव्ह परत हव्या आहेत. आणि त्या तीन-तीन फ्रेमच्या पट्ट्यांत कापून कागदी पाकिटात द्याव्यात. पुष्कळ जण स्कॅन मिळाले की निगेटिव्ह आणायला जात नाहीत आणि लॅब त्या काही दिवसांनी टाकून देते. मग पुढे प्रिंट काढायची इच्छा झाली तरी हातात काही उरत नाही. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी पुड्या बदला.