पेजमेकर सुटत नाही, काय करावं?

परभणीचा डीटीपीवाला:
नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, २००३ पासून सगळं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर करतो. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं त्याचं पुढचं काम २००४ मध्येच थांबवलं, तरी माझ्या जुन्या विंडोजवर ते चालत राहिलं. बोटांना त्याचे शॉर्टकट पाठ आहेत. आता मदरबोर्ड गेला. नव्या मशीनवर कशीबशी फाईल उघडली, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसते डॉलर अन् कंस! ज्यांची पत्रिका २००४ ला केली, त्यांच्याच पोरीचं लग्न आहे. बापाला तीच वेल, तोच गणपती पाहिजे. दुकानदार म्हणतो, जुनं सोडा. कसं सोडू?

नांदेडकर:
भाऊ, घाबरू नका, फाईल शाबूत आहे. फक्त फॉन्ट नाही. आपले जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फॉन्टचं फोल्डर आधी काढून घ्या.

लातूरची प्रेसवाली:
मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जुनी विंडोज एक्सपी टाकून त्यात पेजमेकर चालवते. त्याला नेट मात्र देऊ नका. लिबरऑफिस ड्रॉ हे फुकट सॉफ्टवेअरसुद्धा या फाईली उघडतं, मांडणी थोडी हलते. सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये घ्या दादा, हे कधीतरी करावंच लागणार.

परभणीचा डीटीपीवाला:
फॉन्ट सापडले! गणपती जागेवर आला. ताई, एक्सपी आज रात्रीच टाकतो.