विषय: पहिली कयाक घ्यायची आहे, पण टपावर चढवू कशी?

नितीन:
मंडळी, घाईत लिहितोय. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मला माझी पहिली घ्यायची आहे. विकणारा रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. त्याच्याकडे दोन आहेत, दोन्ही वापरलेल्या. एक दहा फुटी, आत बसायची, वजन वीस किलोच्या आसपास. दुसरी बारा फुटी, वर बसायची, मागे रॉड खोचायला दोन भोकं, खुर्ची वेगळी निघते, वजन चौतीस किलो. मला निवांत वल्हवायचंय आणि अधूनमधून गळ टाकायचाय. तळं किंवा संथ नदी, समुद्र नाही.

शिरीषकाका बारा फुटीच घे म्हणणार हे ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. चौतीस किलोचं धूड मी एकटा टपावर कसं चढवू? गाडी तीच, जुनी हॅचबॅक. बायकोची कंबर त्या प्रकारानंतर अजून धड नाही, त्यामुळे दुसरे हात नाहीत.

शिरीषकाका:
बारा फुटीच घे.

तुझं वजन विचारत नाही, दोरीखेचीत तुला बघितलंय. कयाकवर किलोचा जो आकडा छापलेला असतो, त्यात तू, तुझे कपडे, रॉड, पेटी, पाण्याची बाटली सगळं येतं. आणि तेवढं सगळं भरलं तर ती बुडत नाही, पण धड चालतही नाही. मी त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांवर थांबतो. दहा फुटीवर १३६ किलो लिहिलं असेल तर हिशेबाला ९५ धर. आता तूच सांग, सामानासकट बसतोस का त्यात?

शिवाय गळ टाकायचा म्हणजे बाजूला वळणं आलं, मागे हात घालणं आलं, कधी पाय पाण्यात सोडून बसणं आलं. आत बसायच्या कयाकमध्ये पाय कोंडलेले असतात. वर बसायची उलटली तर ती तशीच तरंगते, तू फक्त सरळ करून पुन्हा चढायचं. डेकवर, म्हणजे वरच्या बाजूवर, आलेलं पाणी आरपार भोकांतून आपोआप खाली जातं. फक्त वजन जास्त झालं तर त्याच भोकांतून पाणी उलटं वर येतं आणि दिवसभर ओल्यात बसावं लागतं. म्हणून म्हणतो, मोठी घे.

मेधाताई:
काका, त्याने विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! प्रश्न उचलण्याचा आहे. गॅरेजमध्ये कयाक टांगून ठेवलेली निदान तीन घरं याच लिस्टवर आहेत, नावं घेत नाही. तिन्ही दणकट, रुंद, रॉडची भोकं असलेल्या. पाण्यात कधी गेल्या होत्या ते त्यांनीच सांगावं.

नितीन, वीस किलोची कयाक खांद्यावर टाकून तू एकटा चालू लागशील. चौतीसची नाही. आणि आत बसलं की वारा कमी लागतो, पाय कोरडे राहतात. थंडीच्या दिवसांत हा फरक छोटा नसतो.

अनघा:
मेधाताई, पाय कोरडे राहतात ते उलटेपर्यंत! आत बसायच्या स्वस्त कयाकमध्ये बहुधा पाणी अडवणारी आडवी भिंत नसते, नुसते फोमचे ठोकळे असतात. उलटली की शंभराहून जास्त लिटर पाणी आत, आणि मग ती सरळ केली तरी पंपाने उपसायला कोण बसणार? काठापर्यंत ओढत न्यावी लागते. आमच्या घरी हे झालेलं आहे, सविस्तर भेटल्यावर.

मेधाताई:
अनघा, म्हणूनच काठाजवळ राहायचं असतं. आणि थंड पाण्याचं म्हणशील तर दोन्ही कयाकना तोच नियम: कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे. गारठ्याचा अभ्यास करणारे कॅनडातले प्राध्यापक गीसब्रेख्त, त्यांचं १-१०-१ लक्षात ठेवा. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि गारठून शुद्ध जायला साधारण एक तास. दहा मिनिटांनंतर बोटं बकल लावू शकत नाहीत. म्हणजे लाइफ जॅकेट आधीच अंगावर हवं, मागे बांधून ठेवलेलं नव्हे.

सचिव:
कृपया ज्यांना उत्तर द्यायचंय त्यांनी खालची सगळी जुनी पत्रं पुन्हा पुन्हा चिकटवू नयेत. फोटोही इथे पाठवू नयेत, तळ्याचे असले तरी.

जॅकेटांचा विषय निघालाच आहे तर: मंडळाची जॅकेटं कोणाकडे आहेत? सहलीनंतर परत आलेली नाहीत. ती क्रीडा समितीची आहेत, नाट्यविभागाने परस्पर नेऊ नयेत.

प्रसाद:
सचिवसाहेब, नाट्यविभागाकडे दोनच आहेत आणि ती समितीला विचारून घेतली होती. होडीचा प्रवेश जॅकेटांशिवाय दाखवला असता तर तुम्हीच ओरडला असता.

नितीन, तू हवेची का घेत नाहीस? फुगवायची. टपाचा प्रश्नच मिटला, डिकीत मावते. हल्लीच्या चांगल्यांचा तळ ड्रॉप-स्टिच असतो, आत हजारो धागे वरखाली जोडलेले, त्यामुळे भरपूर दाबाने भरली की तळ फळीसारखा कडक होतो. फुगवायला दहाएक मिनिटं.

शिरीषकाका:
प्रसाद, गळ म्हणजे टोकदार आकडा. मासा धडपडत असताना तो कुठे रुततो याचा नेम नाही. फाटली तर ठिगळ लावता येतं हे मान्य, पण ते काठावर. शिवाय ती हलकी आणि पाण्यावर उंच राहते, वारा सुटला की हवा नेईल तिकडे जाते. मासा लागला की हातात रॉड, वल्हं मांडीवर, आणि कयाक फिरतेय गोल. नुसतं वल्हवायला छान आहे, नाही म्हणत नाही.

हात मोकळे हवेत तर पायाने चालवायची असते. होबी या कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणलं, पेडल मारलं की खाली पाण्यात दोन पंख फडफडतात. पण ती चौतीस किलोत मिळायची नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडतो.

नितीन:
सगळ्यांचे आभार. टपाचं कोणीच सांगितलं नाही.

सुलभाकाकू:
मी सांगते. मी बारा फुटी एकटीच चढवते आणि माझी उंची सगळ्यांना माहीत आहे.

आख्खी कयाक कधीच उचलायची नाही. आधी खुर्ची, पेटी, रॉड, सगळं काढून टाक. खुर्चीचंच वजन बरंच असतं, शिवाय ती लोंबकळत असली की तोल जातो. कयाक गाडीच्या मागे, गाडीच्या सरळ रेषेत आण. मागच्या काचेवर आणि टपाच्या कडेवर जुनी रबरी चटई अंथर, उताराला घसरणार नाही अशी. आता कयाकचं पुढचं टोक उचलून चटईवर टेकव. इथे तू फक्त अर्धं वजन उचललेलं असतं, बाकीचं जमिनीवर आहे. मग मागच्या टोकाशी जा, ते उचल आणि पुढे ढकल. पुढचं टोक टपावर बसवलेल्या आडव्या दांड्यांपैकी मागच्या दांडीवर गेलं की ती आपोआप सरकते. घाई करायची नाही, वारा आडवा असेल तर तर अजिबात नाही.

काठापर्यंत चाकांवर ने. बाजारात पाणी जायच्या आरपार भोकांत खुंट्या घालायची चाकं मिळतात, ती घेऊ नकोस. सगळं वजन भोकांच्या कडांवर येतं आणि तिथेच प्लास्टिक चिरतं. कयाकच्या पोटाखाली पट्ट्याने बांधायची घे.

टपावर पालथी ठेव, म्हणजे बूड वर. कयाकचं प्लास्टिक उन्हात मऊ होतं आणि घट्ट बांधलं की बुडाला खळगा पडतो. डेकला पडला तर फारसं बिघडत नाही, बुडाला पडला तर ती सरळ चालत नाही. कट्कट् करत ताणणारे पट्टे वापरू नकोस, त्यांनी किती आवळलं ते कळत नाही. साधे बकलचे पट्टे हाताने ओढ. पट्ट्याला एक पीळ दे, नाहीतर हायवेवर असा भुंगा गुणगुणतो की डोकं उठतं. पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळी दोरी हवीच, तिथे आळस नको.

आणि गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालतं ते बघ. त्या आकड्यात दांड्यांचंही वजन धरलेलं असतं.

नितीन:
काकू, हेच हवं होतं! पुस्तक बघितलं, पन्नास किलो लिहिलंय. दांड्या सहा किलोच्या, म्हणजे बसतंय. पण मेधाताई म्हणतात तो मुद्दाही डोक्यात आहे. दमून परत आल्यावर हेच सगळं पुन्हा करायचंय ना?

मेधाताई:
तेच म्हणतेय मी. सकाळी उत्साहात सगळ्यांना जमतं. परतताना कयाक ओली, चिखलाची, हात गळालेले. सुलभाकाकूंचं गुपित पद्धतीत कमी आणि चिकाटीत जास्त आहे, ती सगळ्यांकडे नसते. विकणाऱ्याला सांग, त्याच्याच अंगणात दोनदा लागोपाठ चढवून बघतो. दुसऱ्यांदा नको वाटलं तर दहा फुटीही घेऊ नकोस. तुझ्या वजनाचा काकांनी केलेला हिशेब बरोबर आहे, तिथे मी भांडत नाही. मग थोडा थांब आणि पंचवीस-सव्वीस किलोची वर बसायची शोध. असतात.

शिरीषकाका:
मेधाताईंनी माझा हिशेब मान्य केला, ही तारीख सचिवांनी नोंदवून ठेवावी.

नितीन, बघायला जाशील तेव्हा उलटी करून बुडाचं मागचं टोक बघ. लोक कयाक ओढत नेतात आणि तिथलं प्लास्टिक कागदाइतकं पातळ होतं. मग आरपार भोकांच्या आतल्या कडा बोटाने चाचप, केसासारखी चीर असली तरी जाणवते. झाकणातून आत दोन बादल्या पाणी ओत, झाकण लाव, कयाक डावी-उजवीकडे कलव आणि बाहेरून कुठे ओल येते ते बघ. कयाकचं प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन, त्याला गोंद धरत नाही, चीर बुजवायची तर प्लास्टिकचं वेल्डिंग करावं लागतं. वरचा रंग खडूसारखा हाताला लागत असेल तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे. सोडून दे.

वल्हं त्याच्याकडून फुकट मिळालं तरी लांबी बघ. बारा फुटी, बत्तीस इंच रुंद असेल आणि खुर्ची उंच असेल तर २४० सेंटिमीटर हवं. २२० घेतलंस तर प्रत्येक वेळी बोटं कडेवर आपटतात.

अनघा:
आणि पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम पडून परत चढून बघ. आधी पोट आडवं टाकायचं, मग कुल्ल्यावर वळायचं, मग पाय आत. गुडघे आधी टेकवले की ती परत उलटते. पाणी थंड असेल तर सोबत कोणी तरी हवंच.

सचिव:
सोबत यायला मी तयार आहे, पण उरलेल्या जॅकेटांचं अजून कोणी सांगितलेलं नाही.

प्रसाद:
दोन आमच्याकडे, सांगितलं ना. बाकीची सहलीच्या दिवशी नितीनच्याच डिकीत टाकली होती. नितीन?

नितीन:
बघतो. शनिवारी सकाळी बारा फुटी बघायला जातोय. सुलभाकाकू, ती रबरी चटई एक दिवस मिळेल का?

सुलभाकाकू:
मिळेल. काळी बाजू खाली.