फुकटच्या कन्व्हर्टरपायी बोलणी खाऊन दमलोय, रिपो बंद करू का?

घोडबंदर_रोडवाला:
राहतो कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीला. २०१९ मध्ये बाबांचे श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधले लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये आणायला एक छोटा कन्व्हर्टर लिहिला आणि एमआयटी लायसन्स (कोणीही फुकट वापरा, बदला) लावून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्याचा रिपो, म्हणजे कोडचं खातं उघडलं. आता छापखानेवाले, वकील, सोसायट्यांचे सेक्रेटरी सगळे वापरतात आणि माझ्याकडे दीडशेवर इश्यू, म्हणजे तिथे नोंदवलेल्या तक्रारी पडल्यात.

हे काम नुसतं अक्षराला अक्षर बदलायचं नाहीये हो. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं साठवलेलं असतं, म्हणजे 'कि' मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, 'कार्य'चा रफार तिकडे य च्या नंतर येतो, इकडे र आणि हलन्त य च्या आधी लागतो, त्यात काही फॉन्टांत 'वर्षांनी'चा रफार आणि अनुस्वार मिळून एकच खूण, मग ती फोडून दोघांना दोन जागी बसवायचं. 'दुसऱ्या'चं 'दुसर्‌या' होतं तो बग मी तीनदा काढलाय आणि दरवेळी दुसरा कुठला तरी फॉन्ट मोडलाय.

हे सगळं रात्री, मुलगी झोपल्यावर. आणि एकाने लिहिलं, जमत नसेल तर दुकान बंद करा, लोकांची कामं अडकवू नका. कुठल्याशा कंपनीतून आलं, क्लायंटची डेडलाइन शुक्रवारची आहे, गुरुवारपर्यंत फिक्स द्या. चार महिने झाले, रिपो उघडलेला नाही, उघडायचं म्हटलं तरी धडधडतं. खरंच विचारतोय, बंद करून टाकू का?

नौपाडा_डीटीपी:
मी २२ वर्षं डीटीपी करतोय, तुमचं टूल रोज वापरतो. ते दुकान बंद करा वालं माझं नाही पण त्याखाली अंगठा मी दिला होता, त्याबद्दल आधी माफी मागतो.

आता माझी बाजू ऐका. एका वाचनालयाची स्मरणिका होती, २४० पानं, तुमची नवीन आवृत्ती टाकली आणि सगळे रफार एक अक्षर पुढे सरकले. प्रूफ झालं होतं म्हणून कोणी परत बघितलं नाही, प्लेट निघायच्या आदल्या रात्री दिसलं, मी आणि बायको दोन रात्री बसून हाताने नीट केलं. इश्यू टाकला, महिने गेले, उत्तर नाही. मला वाटायचं मागे ऑफिस असेल, माणसं असतील, मुद्दाम दुर्लक्ष करतायत. 'मला वेळ नाही, जुनीच आवृत्ती वापरा' एवढं जरी लिहिलं असतंत ना, मी तेवढ्यावर मोकळा झालो असतो, राग नकाराचा नव्हता हो, काहीच कळत नव्हतं त्याचा होता.

तलावपाळी_७:
पण दादा, लोकांसाठी खुलं ठेवलंत तर थोडी जबाबदारी येतेच ना.

महापे_नाइटशिफ्ट:
@तलावपाळी_७ लायसन्समध्येच लिहिलंय की आहे तसं देतोय, कसलीही हमी नाही. जबाबदारी म्हणशील तर खरं सांगण्यापुरती, काका म्हणतायत तेवढीच.

आणि भाऊ, एक गोष्ट कळकळीने सांगतो, दमून कोणाच्याही हातात किल्ल्या देऊ नकोस. एक्सझेडचं प्रकरण आठव. जगभरच्या लिनक्समध्ये असलेलं कॉम्प्रेशनचं टूल, मेन्टेनर, म्हणजे ते सांभाळणारा, एकटा, लासे कॉलिन. २०२२ मध्ये काही खाती त्याच्या मागे लागली की पॅचेस, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या पडून आहेत, दुसरा मेन्टेनर नेमा. त्याने स्वतःच्या मानसिक तब्येतीबद्दल सांगितलं, हा बिनपगारी छंद आहे हेही सांगितलं, तरी रेटा सुरूच. जिया टॅन नावाने कोणीतरी आधीपासून गोड बोलून मदत करत होता, हळूहळू हक्क त्याच्याकडे गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा निघाला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दूरून शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं म्हणून तो खोदत गेला, नाहीतर कुठवर पोचलं असतं. ती दटावणारी खाती त्याच कटातली होती असा दाट संशय आहे, पण ती इतर नेहमीच्या चिडलेल्या युजर्ससारखीच बोलत होती म्हणून कोणाला वेगळी वाटली नाहीत, मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

वाशी_सेक्टर१७:
मी अशाच एका कंपनीत आहे, डेडलाइनवाली आमची नसेल अशी आशा करते. आमच्याकडे मॅनेजरला माहीतच नसतं की एखादी लायब्ररी कोणीतरी रात्री जागून सांभाळतंय, त्यांना सगळे व्हेंडर वाटतात. त्यांना सरळ कोटेशन पाठवा. पैसे दिले तर काम करा, नाही दिले तर ते वाट बघतील, यात भांडण कुठेच नाही. मोठ्या प्रोजेक्टसाठी झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये फ्लॉस फंड, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरला मदतीचा निधी काढलाय, वर्षाला १० लाख डॉलरचा, पण एका प्रोजेक्टला कमीत कमी १० हजार डॉलर देतात, तुमच्या कन्व्हर्टरला ते बसेल असं मला वाटत नाही. कोटेशनच बरं.

घोडबंदर_रोडवाला:
दोन दिवस विचार केला. बंद नाही करत. रीडमीच्या, म्हणजे रिपो उघडताच दिसणाऱ्या माहितीच्या पहिल्याच ओळीत टाकलंय की एकटा सांभाळतो, महिन्याचा पहिला रविवार सोडून बघत नाही, आणि तीनच फॉन्ट माझ्या जबाबदारीवर, बाकीचे ज्याने त्याने तपासून घ्यावेत. त्या कंपनीला कोटेशन गेलं, अजून काही उत्तर नाही.

काका, माफी नको. तुमच्या इश्यूला उत्तर द्यायला हवं होतं, दिलं नाही, चुकलं माझं. माझ्याकडे तपासायला खरा मजकूर फारच कमी आहे, मीच बसून शब्द बनवतो म्हणून असले बग सुटतात. त्या स्मरणिकेची मूळ श्रीलिपीतली फाइल आहे का अजून?

नौपाडा_डीटीपी:
आहे. वाचनालयवाल्यांना विचारून ४१ वं पान पाठवतो, कार्यकारिणीचा अहवाल आहे, सगळ्यात जास्त रफार त्यातच आहेत. सोबत हाताने नीट केलेलं पण पाठवतो म्हणजे ताडून बघता येईल.