मदत हवी आहे: डिस्क रिकामी असूनही पोस्टग्रेस डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’

धागाकर्ता: महिनाअखेरचा अहवाल काढताना क्वेरी मध्येच तुटते आणि लॉगमध्ये वरील त्रुटी उमटते. डिस्कवर 180 जीबी मोकळे आहेत. उद्या सकाळी अहवाल द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

प्रतिसाद १: आयनोड (डिस्कवरील फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले असतील, तरीही हाच संदेश येतो. ‘डीएफ -आय’ चालवून पाहावे.

धागाकर्ता: आयनोड 4 टक्केच वापरले गेले आहेत.

प्रतिसाद २: लॉग रोटेशन (जुने लॉग आपोआप हटवणे) लावलेले नसेल, तर ते आधी लावून घ्यावे. आमच्याकडे एका रात्रीत लॉगने डिस्क भरली होती.

प्रतिसाद ३: डिस्क भरलेलीच नाही, असे ते म्हणत आहेत! आपण संदेशाची फक्त शेपटी दिली आहे. पूर्ण ओळ द्यावी.

धागाकर्ता: ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’, पुढे एक क्रमांक, मग ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. आवृत्ती 14, वर्क मेम (एका प्रक्रियेला एका कामासाठी मिळणारी मेमरी) 64 एमबी. गेल्या आठवड्यात सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी प्रणाली) हलवला, पण त्याचा येथे काय संबंध?

प्रतिसाद ३: सगळा संबंध तिथेच आहे. लिनक्सवर समांतर क्वेरीची (जी अनेक प्रक्रिया वाटून चालवतात) सामायिक मेमरी ‘/डेव्ह/एसएचएम’ या मेमरीतल्या फाइलजागेत राहते आणि डॉकर कंटेनरला तिथे मुळात 64 एमबीच देतो. ती भरली की कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्क भरल्यावर देतो तोच 28 क्रमांकाचा त्रुटीसंकेत देतो, आणि पोस्टग्रेस त्याचे शब्द जसेच्या तसे लॉगमध्ये उतरवते. दोन वर्कर (मदतनीस प्रक्रिया) आणि मूळ प्रक्रिया मिळून, प्रत्येकी 64 एमबी वर्क मेम धरून, आपला समांतर हॅश (क्वेरीसाठी मेमरीत बांधला जाणारा तक्ता) 192 एमबीपर्यंत जाऊ शकतो. क्वेरी तुटताच सेगमेंट पुसला जात असल्यामुळे नंतर कंटेनरच्या आत पाहिले, तरी जागा रिकामीच दिसेल. ‘एसएचएम-साइझ’ (कंटेनरमधील या जागेची मर्यादा) 1 जीबी करावे.

प्रतिसाद १: त्यापेक्षा ‘मॅक्स पॅरलल वर्कर्स पर गॅदर’ (समांतर कामाला मिळणाऱ्या वर्करची कमाल संख्या) शून्य करावे, कंटेनरला हात लावण्याची गरज पडणार नाही.

प्रतिसाद ३: आजची रात्र निभावायला ते ठीक आहे, परंतु क्वेरी मंदावेल आणि मूळ मर्यादा तशीच राहील.

धागाकर्ता: कम्पोज फाइलमध्ये (जिथे कंटेनरची मांडणी लिहिलेली असते) 1 जीबी लिहून कंटेनर रीस्टार्ट केला, तरी आत 64 एमबीच दिसते.

प्रतिसाद ३: नुसत्या रीस्टार्टने बदल लागू होत नाही, कंटेनर नव्याने तयार करावा लागतो. त्याआधी डेटा व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या साठ्यात) आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे.

धागाकर्ता: व्हॉल्यूमवरच आहे. नवा कंटेनर उभा केला, अहवाल निघाला. आभारी आहे.