क्वेरसेटिन दिल्यावर एमटीटी वाढतं, पण ग्रॅन्युलोसा पेशी सुटून तरंगतात. चूक कुठे होतेय?

अनघा_प्रयोगशाळा

म्हशीच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर (अंडाशयात बीजांडाभोवती असणाऱ्या) क्वेरसेटिन (कांद्यासारख्या भाज्या-फळांतलं अँटिऑक्सिडंट) तपासतेय. ३ ते ८ मिमीच्या फॉलिकलमधून (बीजांड वाढतं ती पिशवी) सुईने द्रव ओढून पेशी काढल्या आणि २४ वेलच्या प्लेटमध्ये डीएमईएम-एफ१२ (पेशी वाढवायचं मीडियम) अधिक १०% सीरममध्ये लावल्या. ४८ तासांनी क्वेरसेटिन ५, १०, २५, ५० आणि १०० मायक्रोमोलर, २४ तास. स्टॉक डीएमएसओ या विद्रावकात १० मिलिमोलर, कंट्रोलला ०.१% डीएमएसओ. शेवटी त्याच मीडियममध्ये एमटीटी टाकलं (जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, रंगावरून त्यांचा अंदाज येतो). ५० ला कंट्रोलच्या १३०% येतं, १०० ला त्याहून जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ५० पासून पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसतात. एस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) सगळीकडे नगण्य, प्रोजेस्टेरॉन भरपूर, अगदी कंट्रोलमध्येही. कशावर विश्वास ठेवू? आणि प्रबंधात 'स्त्री-वंध्यत्वावर उपयुक्त' असं लिहिता येईल का?

वेल_क्रमांक_९६

डोळ्यांवर विश्वास ठेवा, एमटीटीवर नको. क्वेरसेटिन स्वतःच एमटीटीचं क्षपण करून जांभळा फॉर्माझान तयार करतं, त्याला जिवंत पेशी लागतच नाही. पडताळा सोपा आहे. पेशी नसलेल्या वेलमध्ये मीडियम, ५० मायक्रोमोलर क्वेरसेटिन आणि एमटीटी टाकून तितकाच वेळ ३७ अंशांवर ठेवा. रंग आला की कारण सापडलं. पुढच्या वेळी एमटीटीआधी कोमट पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा धुवा आणि ताजं मीडियम घाला. पण धुताना सुटलेल्या पेशीही निघून जातात, म्हणून काढलेल्या मीडियममध्ये एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा आणि ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) हाताने गणना करा. पेशीत शिरलेलं क्वेरसेटिन धुतल्यावरही थोडं उरतं, त्यामुळे एकट्या एमटीटीवर निष्कर्ष नको.

दुसरी चूक डीएमएसओची. १० मिलिमोलर स्टॉकमधून १०० मायक्रोमोलर करताना वेलमध्ये १% डीएमएसओ जातं, ५० ला ०.५%, २५ ला ०.२५%. कंट्रोल मात्र ०.१% वर. म्हणजे वरच्या तीन मात्रांना तुलनेसाठी कंट्रोलच नाही. प्रत्येक मात्रेचा वेगळा हजारपट स्टॉक करा (५, १०, २५, ५० मिलिमोलर), म्हणजे सगळीकडे ०.१% राहील. बाटलीवरचं लेबलही वाचा: निर्जल क्वेरसेटिनचा रेणुभार ३०२.२, डायहायड्रेटचा ३३८.३. डायहायड्रेट असताना ३०२ धरून वजन केलं, तर स्टॉक सुमारे ११% पातळ होतो.

पेरॉक्साइड_पाहा

पेशी का मरतात ते वर आलं नाही. क्वेरसेटिन आणि ग्रीन टीमधलं ईजीसीजी ही दोन्ही ३७ अंशांवरच्या मीडियममध्ये आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. अँटिऑक्सिडंट म्हणून जे टाकलं, तेच वेलमध्ये ऑक्सिडंट ठरतं. एका ओळीत ५० मायक्रोमोलरसोबत कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) १०० युनिट प्रति मिली द्या. पेशी वाचल्या, तर विष पेरॉक्साइडचं होतं, क्वेरसेटिनचं नाही. मीडियम बदलताना सोडियम पायरुव्हेटकडे लक्ष असू द्या, ते पेरॉक्साइड नष्ट करतं. एका प्रयोगात ते आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दोन्हींची तुलना होत नाही.

पुढे पेरॉक्साइडचा ताण देऊन संरक्षण दाखवणार असाल, तर दोन्ही एकत्र टाकू नका. मग ते वेलमधलं रसायनशास्त्र झालं, पेशीचं नाही. आधी १२ तास क्वेरसेटिन, मग धुणं, मग पायरुव्हेट नसलेल्या मीडियममध्ये पेरॉक्साइड. पेशीने एनआरएफ२ मार्गाने (बचावाची जनुकं चालू करणारं प्रथिन) स्वतःचे बचावाचे एन्झाइम वाढवले का, हे त्यांतल्याच एचओ-१ आणि एनक्यूओ१ वरून कळेल. खरी मजा याच प्रश्नात आहे. हळदीवर गेलात तर आणखी सांभाळा: तिच्यातलं कर्क्युमिन स्वतः हिरवट चमकतं आणि डीसीएफ चाचणीत (ऑक्सिडंट हिरव्या चमकेवरून मोजणाऱ्या) आकडा फुगवतं. शिवाय सीरम नसलेल्या द्रावणात, पीएच ७.२ आणि ३७ अंशांवर, अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९०% नाहीसं होतं.

फॉलिकल_अभ्यासक

हार्मोनचं कोडं सीरमचं आहे. १०% सीरममध्ये ग्रॅन्युलोसा पेशी ल्युटिनाइज होतात (बीजोत्सर्गानंतरच्या पेशींसारख्या बनतात), प्रोजेस्टेरॉन चढतं आणि अरोमाटेज (अँड्रोजनचं इस्ट्रोजेन करणारं एन्झाइम) खाली येतं. त्यातून या पेशी स्वतः अँड्रोजन बनवत नाहीत. ते फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या थीका पेशींकडून येतं, आणि तुमच्या प्लेटमध्ये थीका नाही. कच्चा मालच नसेल तर एस्ट्राडायॉल कुठून येणार? सीरमविरहित मीडियम घ्या, त्यात इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, थोडं एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) आणि १०० नॅनोमोलर अँड्रोस्टेनडायोन हे अँड्रोजन. अंडाशय कोमट सलाइनमध्ये आणा आणि शक्य तितक्या लवकर हाताळा. फिनॉल रेड नसलेलं मीडियम घेतलंत तर उत्तम, कारण त्या रंगाचा हलका इस्ट्रोजेनी परिणाम दिसू शकतो.

ओपीडी_ते_लॅब

'स्त्री-वंध्यत्वावर उपयुक्त' हे वाक्य कृपया लिहू नका. जेवणातून रक्तात येणारं क्वेरसेटिन साधारण १ मायक्रोमोलरच्या खाली असतं आणि तेही बहुतेक ग्लुक्युरोनाइड-सल्फेट रूपात. तुमच्या ५० मायक्रोमोलरशी त्याचा मेळ नाही.

दुसरं असं की अंडाशयाला ऑक्सिडंट शून्य नको असतात. २०११ साली उंदरांवर दाखवलं गेलं, की अंडाशयाभोवती अँटिऑक्सिडंट दिल्यास बीजोत्सर्गच अडतो. रेस्व्हेराट्रॉल या द्राक्षांतल्या अँटिऑक्सिडंटचे निष्कर्षही दोन्ही बाजूंचे आहेत: २०१६ च्या पोलंडमधल्या चाचणीत पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनविकार) असलेल्या स्त्रियांना रोज १५०० मिलिग्रॅम, ३ महिने दिल्यावर टेस्टोस्टेरॉन सुमारे २३% घटलं. पण २०१९ च्या जपानी अभ्यासात, जुन्या नोंदी पाहून, भ्रूण रोपणाच्या काळात रोज २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत गर्भधारणा कमी आणि गर्भपात जास्त दिसले. वंध्यत्वात अँटिऑक्सिडंट घेण्यावरच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) ६३ चाचण्या, ७,७६० स्त्रिया, आणि पुराव्याचा दर्जा कमी ते अतिकमी. आयव्हीएफ चालू असलेल्या कुणी तुम्हाला विचारलं, तर गोळी मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगा.

अनघा_प्रयोगशाळा

सगळ्यांचे आभार. नव्या रचनेत १, ५, १० आणि २५ मायक्रोमोलर ठेवते, सोबत कॅटालेजची ओळ. वेलमधल्या पेशी कमीजास्त असतात, तर तुलनेसाठी एस्ट्राडायॉल कशाने भागू? आतापर्यंत एमटीटीच्या आकड्याने भागत होते.

फॉलिकल_अभ्यासक

मग जुने सगळे आकडे वाकडे आहेत. एमटीटी फुगलं की भागाकार आपसूक घसरतो आणि क्वेरसेटिनने एस्ट्राडायॉल घटवल्याचा भास होतो. मीडियम काढून घेतल्यावर त्याच वेलमधल्या पेशी विरघळवून डीएनए मोजा आणि त्याने भागा. प्रथिन मोजायचं असेल तर बीसीए ही तांब्यावर चालणारी चाचणी टाळा, तिथेही क्वेरसेटिन तांब्याचं क्षपण करून तोच घोळ घालतं.